हवेची नावनिशी

शहराच्या हवेचा निर्देशांक म्हणून जो एक आकडा हल्ली वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि चौकांतील फलकांवरून दररोज आपल्यापुढे मांडला जातो, त्या आकड्याच्या पोटात नेमका कशाकशाचा हिशेब आहे, हा प्रश्न फार थोड्या वाचकांनी स्वतःला विचारला असेल. २०१४ साली आखलेल्या या राष्ट्रीय निर्देशांकात आठ घटक धरलेले आहेत: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. यांपैकी प्रत्येक घटक अपायकारक आहे आणि प्रत्येकाची मोजदाद अवश्य व्हावी. परंतु या आठांच्या यादीत सेंद्रिय म्हणता येईल असा एकही पदार्थ नाही. याउलट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ रोजी हवेच्या गुणवत्तेची जी राष्ट्रीय मानके अधिसूचित केली, त्यांत बारा घटक असून त्यांतील दोन सेंद्रिय आहेत. पहिला बेंझीन, ज्याची वार्षिक मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. दुसरा बेंझो-ए-पायरीन, ज्याची मर्यादा १ नॅनोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा हिस्सा आहे. दोन्ही पदार्थ मनुष्यास कर्करोग करणारे म्हणून जगभर मान्य झालेले आहेत. कायद्याच्या दफ्तरी ते आहेत, परंतु रोजच्या आकड्यात नाहीत.

यावर असे म्हटले जाते की निर्देशांक हा त्या दिवसापुरता इशारा असतो, आणि या दोन पदार्थांचा अपाय एका दिवसाचा नसून वर्षानुवर्षे घेतलेल्या श्वासांतून साचत जाणारा असतो. म्हणूनच त्यांच्या मर्यादाही चोवीस तासांच्या नाहीत, तर वर्षाच्या सरासरीच्या आहेत. हा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे. परंतु जे रोज नजरेस पडते त्याचीच लोक चौकशी करतात आणि ज्याची लोक चौकशी करतात त्याचीच सरकारी खाती तजवीज करतात. तेव्हा सावकाश अपाय करणाऱ्या पदार्थाला रोजच्या हिशेबातून वगळले, तर वर्षअखेरीसही त्याचे नाव कोणी काढीत नाही, हेही तितकेच खरे आहे. हवेतील सेंद्रिय द्रव्ये कशी मोजतात, ती शहरात व उपनगरात निरनिराळी का मोजावी लागतात, आणि ‘हवा वाईट आहे’ एवढ्यावर न थांबता त्या वाईटपणाची नावनिशीवार यादी का हवी, हे सामान्य वाचकास कळावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘सेंद्रिय’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे शेणखत, गांडूळखत किंवा रसायनांवाचून पिकविलेला गूळ येतो आणि त्या शब्दाला एक पावित्र्य येते. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ इतकाच की ज्याच्या रेणूचा सांगाडा कर्बाच्या अणूंचा आहे असा पदार्थ. असे पदार्थ सजीवांच्या इंद्रियांवाचून निर्माणच होऊ शकत नाहीत अशी एके काळी समजूत होती, आणि १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार करून तिला धक्का दिला तरी नाव तेच राहिले. या अर्थाने मोगऱ्याचा सुगंध सेंद्रिय आहे, देवापुढचा कापूर सेंद्रिय आहे, कपाटातली डांबरगोळी सेंद्रिय आहे, तसेच पेट्रोल, रॉकेल, रंगात मिसळण्याचे थिनर आणि जळक्या प्लास्टिकचा धूरही सेंद्रियच आहे. शहराच्या हवेत अशी शेकडो संयुगे एकाच वेळी वावरत असतात. त्यांतील काही, बेंझीनसारखी, इतकी बाष्पनशील असतात की ती वायुरूपातच राहतात. बेंझो-ए-पायरीनसारखी जड संयुगे काजळीच्या कणांना चिकटून प्रवास करतात. आणि डांबरगोळीतील नॅप्थालिनचे जे थोडे मोठे भाऊबंद आहेत ते उन्हाळ्यात बरेचसे वायूत आणि थंडीत बरेचसे कणांवर, असे दोन्ही घरी नांदतात. मोजणाऱ्याची पहिली अडचण इथेच उभी राहते, कारण धूळ पकडणारी गाळणी वायूला अडवीत नाही.

नाकाला विचारून हे काम भागत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे, कारण हवेविषयीच्या आपल्या बहुतेक तक्रारी नाकाच्या साक्षीवरच उभ्या असतात. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते, आणि ते हवेच्या अब्जावधी भागांत एखादा भाग असले तरी आपल्या नाकास जाणवते. बेंझीनचे तसे नाही. त्याला गोडसर वास आहे खरा, परंतु तो मनुष्यास जाणवू लागतो तेव्हा हवेतील त्याचे प्रमाण वार्षिक मर्यादेच्या सुमारे हजारपट झालेले असते. म्हणजे ज्या वस्तीत मर्यादेच्या पाचपट, दहापट बेंझीन वर्षभर आहे, त्या वस्तीतील माणसाला आपण ते हुंगीत आहो याचा पत्ताही लागणार नाही; आणि शेजारच्या गटाराच्या दुर्गंधीने ज्याचे डोके उठते, तो कदाचित तुलनेने निरुपद्रवी वायूविरुद्ध फिर्याद नेईल.

या पदार्थांची ओळख पटण्यास दीर्घ काळ लागला. लंडनमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली असे नोंदविले की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे जो विशिष्ट कर्करोग होतो त्याचे कारण काजळी आहे. काजळीतील नेमके काय, हे कळण्यास दीडशेहून अधिक वर्षे गेली. १९१५ च्या सुमारास यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण केला, आणि १९३३ साली लंडनमध्ये दोन टन डांबराच्या गाळातून जो स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढण्यात आला तो बेंझो-ए-पायरीन होता. मायकेल फॅरेडे याने बेंझीन शोधले ते त्याच्याही कितीतरी आधी, १८२५ साली, दिव्याच्या गॅसच्या तेलकट अवशेषातून. ते रक्ताच्या कर्करोगाचे कारण आहे हे सिद्ध व्हावयास विसावे शतक अर्ध्याहून अधिक सरावे लागले.

परंतु शहर आणि उपनगर यांचा या विषयाशी जो विलक्षण संबंध आहे, तो उलगडला अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरात. आणि ती हकीगत अशी आहे की ती थोडी विस्ताराने सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १९४३ च्या जुलै महिन्यात, युद्ध ऐन भरात असताना, त्या शहरावर एक तपकिरी धुके उतरले. डोळे चुरचुरू लागले, घसे सुजले, आणि लोकांनी युद्धासाठी नव्याने उभारलेल्या कृत्रिम रबराच्या एका कारखान्याकडे बोट दाखविले. कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला. धुके हटले नाही. लंडनच्या धुक्याचा अनुभव लक्षात घेऊन अधिकाऱ्यांनी गंधकाच्या धुराचा तपास चालविला, पण लॉस एंजल्समध्ये दगडी कोळसा फारसा जळतच नव्हता. पुढे या प्रकरणात लक्ष घातले ते आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ लॉस एंजल्सच्या ईशान्येस डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पॅसाडेना या उपनगरी गावातील कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत प्राध्यापक होता, आणि त्याचा त्या वेळचा विषय होता अननसाचा स्वाद. पिकलेल्या अननसातून उठणारी गंधद्रव्ये अतिशीत नळ्यांतून नेऊन गोठवावयाची आणि त्यांतील एकेक संयुग ओळखावयाचे, असे ते काम होते. तीच नळ्यांची जुळणी त्याने खिडकीबाहेरच्या हवेला लावली, हजारो घनफूट हवा तिच्यातून ओढली, आणि हाती जे थोडे तपकिरी, उग्र वासाचे द्रव आले ते तपासले. त्यात गंधकाची आम्ले नव्हती. अर्धवट प्राणवायूशी संयोग पावलेले सेंद्रिय पदार्थ होते.

याचा अर्थ त्याने लावला तो आज शालेय पुस्तकांत आला आहे, पण त्या काळी तो कोणाच्या गळी उतरेना. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून निसटणारी पेट्रोलची वाफ आणि जळणातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला म्हणजे काही तासांत त्यांतून ओझोन निर्माण होतो. धुराडे कोठलेही नसताना आकाशच कारखान्याचे काम करू लागते. लॉस एंजल्समध्ये मोटारींचे टायर लवकर तडकतात अशी तक्रार पूर्वीपासून होती. हागेन-स्मिटने तिचेच मापनयंत्र केले: रबराच्या वाकविलेल्या पट्टीला पहिला तडा जाण्यास किती मिनिटे लागतात, यावरून ओझोनचे प्रमाण ठरवावयाचे. त्याचा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला. तेलधंद्याने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या निष्कर्षांना विरोध केला. तो मागे हटला नाही. आणि पुढे कॅलिफोर्निया राज्याने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्याच्याकडेच आले.

या हकीगतीतील मर्म असे की धूर निघाला शहरात आणि डोळे चुरचुरले उपनगरात. सेंद्रिय बाष्पे शहराच्या रस्त्यांवर सकाळी सुटतात, वाऱ्याबरोबर सरकतात, वाटेत उन्हात शिजतात, आणि त्यांचे जे रूपांतर होते ते दुपारी कित्येक मैल दूरच्या, झाडीच्या, निवांत म्हणून पसंत केलेल्या वस्तीवर उतरते. गर्दीच्या रस्त्यावर ओझोन उलट कमीच भरतो, कारण गाड्यांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्याला तेथल्या तेथे खाऊन टाकतो. म्हणून केवळ भर चौकात यंत्र बसवून शहराची हवा कळत नाही, आणि केवळ उपनगरातील बागेत बसवूनही कळत नाही. एकाच वाऱ्याच्या वाटेवर निदान दोन-तीन ठिकाणी तेच पदार्थ मोजावे लागतात.

मुंबईकरांना हे समजावून सांगण्यास अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा, ही जोडी कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुपारचा वारा बेटावरची हवा ठाणे-कल्याणच्या दिशेने लोटतो. हिवाळ्याच्या रात्री वारा मंदावतो, जमिनीलगतचा थंड थर वरच्या उबदार थराखाली झाकण लावल्यासारखा अडकून पडतो, आणि जे सुटले ते पहाटेपर्यंत तेथेच घुटमळते. त्यातून बोरिवली आणि ठाणे यांच्यामध्ये शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. झाडेही उन्हात आयसोप्रीन नावाचे सेंद्रिय बाष्प सोडतात आणि मोटारींच्या धुराशी गाठ पडल्यास तेही ओझोनच्या पाकात सामील होते. यात दोष झाडांचा नाही, मोटारींतून येणाऱ्या ऑक्साइडांचा आहे. परंतु मोजताना दोन्हींची नावे वेगवेगळी लिहिली नाहीत, तर उद्या कोणी झाडांवरच आळ घेईल.

हवा किती जुनी आहे, हेसुद्धा मोजता येते. गाड्यांच्या धुरात बेंझीनबरोबर टोल्युइन नावाचा त्याचा निकटचा आप्त निघतो, आणि ताज्या धुरात टोल्युइनचे प्रमाण बेंझीनच्या दीड-दोन पटीहून अधिक असते. दोघे एकत्र निघाले तरी वाटेतील रासायनिक झटापटीत टोल्युइन बेंझीनच्या चार-पाच पट वेगाने खर्ची पडते. तेव्हा एखाद्या वस्तीत दोहोंचे गुणोत्तर घसरलेले आढळले, तर ती हवा दुरून, बऱ्याच तासांचा प्रवास करून आली आहे असा तर्क करता येतो. आणि टोल्युइन अवाच्या सवा वाढलेले दिसले, तर जवळपास रंगकामाचा, छापखान्याचा किंवा थिनर वापरणारा उद्योग शोधावा लागतो. एकाच पदार्थाचा आकडा हे सांगू शकला नसता. दोघांची साक्ष जुळवून पाहिली म्हणजे ते कळते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बेंझीन पकडण्याची जुनी आणि अद्याप चालू असलेली रीत म्हणजे बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा, आणि मागे हवा संथपणे ओढणारा छोटा पंप. कोळशाच्या अगणित छिद्रांत बाष्प अडकते. प्रयोगशाळेत कार्बन डायसल्फाइडने धुऊन ते बाहेर काढतात. पंपही न वापरता कोळशाची किंवा तत्सम शोषकाची नळी आठवडा-दोन आठवडे खांबाला नुसती टांगून ठेवण्याची एक स्वस्त पद्धत आहे. बाष्प आपोआप झिरपत आत येते आणि त्या झिरपण्याचा वेग ठाऊक असल्याने सरासरी काढता येते. तासातासाचा चढउतार तीत कळत नाही, पण एका मोठ्या यंत्राच्या खर्चात अशा नळ्या पन्नास गल्ल्यांत लावता येतात, आणि उपनगरांसारख्या पसरट प्रदेशासाठी मला ती पद्धत अधिक उपयुक्त वाटते.

गोळा झालेल्या मिश्रणातून एकेक पदार्थ वेगळा करण्याची जी विद्या, तिचे नाव क्रोमॅटोग्राफी. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा रस ओतून त्यातील हिरवे-पिवळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे केले, हा तिचा उगम. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तेच तत्त्व वायूंना लावले, आणि हवेतील सेंद्रिय द्रव्यांचे आधुनिक मापन खऱ्या अर्थाने तेव्हापासून शक्य झाले. आजच्या यंत्रात तीस ते साठ मीटर लांबीची, केसाएवढ्या पोकळीची नळी वेटोळे करून भट्टीत ठेवलेली असते आणि तिच्या आतल्या अंगाला एका चिकट द्रव्याचा लेप असतो. पंढरीच्या वाटेवर एकाच वेळी निघालेल्या वारकऱ्यांपैकी कोणी प्रत्येक गावच्या ओसरीवर टेकत जातो, कोणी मुक्कामाखेरीज थांबत नाही, आणि त्यामुळे सर्वजण निरनिराळ्या वेळी पोहोचतात. तसे ज्या संयुगाला त्या लेपाचा लोभ अधिक ते मागे रेंगाळते, ज्याला कमी ते पुढे निघते. दुसऱ्या टोकाला हायड्रोजनची बारीक ज्योत किंवा रेणूंचे वजन सांगणारे यंत्र बसविलेले असते, आणि कोण केव्हा व किती आला याची नोंद तेथे होते.

वजन कळले म्हणजे ओळख पटली असे मात्र होत नाही. बेंझो-ए-पायरीनच्या रेणूचे वजन २५२. बेंझो-ई-पायरीन नावाचा त्याचा जुळा भाऊ आहे, त्याचेही २५२. दोघांत कर्बाच्या अणूंच्या पाचच कड्या, अणूंची संख्या तीच, फरक एका कडीच्या जागेचा. पहिल्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मनुष्यास निश्चित कर्करोगकारक म्हणून पहिल्या वर्गात घातले आहे. दुसऱ्याविरुद्ध तसा पुरावा नाही. नळी नीट निवडली नाही आणि दोघे एकाच वेळी बाहेर पडले, तर निरपराध्याचा हिशेब अपराध्याच्या नावावर चढतो, किंवा उलट.

बेंझो-ए-पायरीनच्या मापनात जी चिकाटी लागते तिची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. तांदळाच्या एका दाण्याचे वजन सुमारे २० मिलिग्रॅम धरले, तर तेवढे बेंझो-ए-पायरीन कायद्याच्या मर्यादेइतके विरळ करण्यास २ कोटी घनमीटर हवा लागेल. म्हणजे दादरच्या सुमारे २८ एकरांच्या शिवाजी पार्कवर पावणेदोनशे मीटर उंचीपर्यंत जेवढी हवा आहे तेवढी. तीत तो एक दाणा शोधावयाचा. यासाठी जे मोठे यंत्र वापरतात ते दर मिनिटास घनमीटरभराहून थोडी अधिक हवा काचतंतूंच्या गाळणीतून ओढते, आणि चोवीस तासांत सुमारे १६०० घनमीटर, म्हणजे शंभराहून अधिक माणसांचा दिवसभराचा श्वास, त्या पुस्तकाच्या पानाएवढ्या गाळणीतून जातो. गाळणी काळवंडून येते. ती टोल्युइनमध्ये ध्वनिलहरींनी हलवून धुतात, सिलिका जेलच्या नळीतून तो अर्क स्वच्छ करतात, आटवितात, आणि मगच तो यंत्रात जातो. मर्यादेइतकीच हवा दूषित असेल, तर एवढ्या खटाटोपातून हाती येणारा ऐवज सुमारे दीड मायक्रोग्रॅम असतो.

तोही वाटेत हरवू शकतो. हा पदार्थ प्रकाशाने मोडतो, म्हणून गाळणी ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून, अर्क तपकिरी बाटलीत, थंडीत ठेवावा लागतो. गाळणीवर बसलेल्या रेणूंना त्याच गाळणीतून जाणारा ओझोन दिवसभर खात राहतो, त्यामुळे ज्या दिवशी हवा ओझोनने सर्वांत बिघडलेली त्या दिवशी हा आकडा फसवा कमी येण्याचा संभव असतो. कोळशाची नळी भरून ओसंडली तर पुढचे बाष्प निसटून जाते. ते कळावे म्हणून तिच्यामागे दुसरा कप्पा ठेवतात, आणि त्यात बरेच काही सापडले तर ती मोजणी रद्द समजतात. याखेरीज प्रत्येक फेरीत एक कोरी नळी आणि एक कोरी गाळणी सोबत नेतात, उघडतात, हवा न ओढता मिटतात आणि बाकीच्यांबरोबर तपासतात. तिच्यात जे आढळेल ते हवेचे नसून आपल्याच हातांचे, पेटीचे किंवा गाडीतील पेट्रोलच्या डब्याचे, असे मानून ते वजा घालतात. ज्या अहवालात कोऱ्या नमुन्याचा आकडा दिलेला नाही, त्यावर वाचकाने विश्वास टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि एका दिवसाच्या मोजणीने वर्ष कळत नाही. मानकांची अट अशी आहे की वार्षिक सरासरीसाठी एका जागी आठवड्यातून दोनदा, समान अंतराने, वर्षाकाठी निदान १०४ मोजण्या झाल्या पाहिजेत. याचे कारण आपला पाऊस. आषाढ-श्रावणातील धुतलेल्या हवेत मोजून जो निष्कर्ष काढील तो पौष-माघाच्या हवेविषयी काहीच सांगू शकणार नाही, आणि फक्त डिसेंबरात मोजणारा वस्तीला नाहक घाबरवील.

हा सर्व खर्च आणि खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यास मी पेट्रोलचे उदाहरण देतो. पेट्रोलमधील शिसे काढून टाकल्यावर इंजिनास लागणारा गुण टिकविण्याचा एक मार्ग म्हणून बेंझीनच्या कुळातील द्रव्यांवर अधिक भार आला, आणि मग त्या कुळातील सर्वांत घातक व्यक्तीस नाव घेऊन लगाम घालावा लागला. या शतकाच्या आरंभी देशातील बहुतेक ठिकाणी पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांपर्यंत बेंझीन चालत असे. वाहनांच्या धुराविषयीच्या ‘भारत स्टेज तीन’ या मानकांपासून ही मर्यादा १ टक्क्यावर आली आणि आजही तीच आहे. ‘धूर कमी करा’ अशा आदेशाने हे घडले नसते. बेंझीन हे नाव आणि त्याचा आकडा हातात होता म्हणून घडले.

चेंबूरजवळच्या माहुल आणि अंबापाडा येथील रहिवाशांचे प्रकरण याच जातीचे आहे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि द्रवरसायनांच्या टाक्या यांच्या शेजारात राहणाऱ्या या लोकांनी २०१४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठापुढे दाद मागितली. टाक्या भरताना-रिकाम्या करताना सुटणारी बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये हा त्या वादाचा गाभा होता. केईएम रुग्णालयाने केलेली श्वसनविकारांची पाहणी त्या कामी पुढे आली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे मान्य केले. धूलिकणांचा आकडा तेथे अपुरा पडला असता. ज्या वस्तूची तक्रार होती ती धूळ नव्हतीच.

नाव घेण्यात न्यायाचाही प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. पावाच्या भट्टीचा धूर, कचऱ्याच्या ढिगाची आग, थंडीतली शेकोटी आणि डिझेलच्या मालमोटारी यांची काजळी डोळ्यांना एकसारखीच काळी दिसते. परंतु लाकूड जळताना त्यातील सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाची एक शर्करा बनते, जी डिझेलच्या धुरात नसते. आणि वंगणतेलातून येणारे होपेन नावाचे पदार्थ वाहनांच्या धुरात आढळतात, ते लाकडाच्या धुरात नसतात. एकाच गाळणीत दोन्ही मोजले म्हणजे कोणाच्या वाट्याला किती काजळी आली, याचा बराच विश्वसनीय जमाखर्च मांडता येतो. ज्या बेकरीवाल्याच्या पोटापाण्याचा व्यवसाय आपण बदलावयास सांगतो, त्याच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींच्या वाट्याचा असा जमाखर्च आधी मांडणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नव्या निर्देशानुसार तेथील बेंझीनची वार्षिक मर्यादा २०३० पासून ५ वरून ३.४ मायक्रोग्रॅमवर येणार आहे. आपली मर्यादा २००९ पासून ५ आहे. ती कमी करावी की नाही हा पुढचा प्रश्न, कारण आहे तिचीच नियमित मोजणी प्रत्येक मोठ्या उपनगरात व्हावयास हवी. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी कोणासही पाहता येतात आणि त्यांत बेंझीनचा स्वतंत्र रकाना आहे. वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या वस्तीच्या जवळचे केंद्र शोधून काढावे, गेल्या हिवाळ्यातील त्या रकान्याच्या नोंदी पाहाव्यात, आणि रकाना रिकामा किंवा वरचेवर तुटलेला आढळल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून त्याचे कारण विचारावे.